न दिसणे आणि नसणे

प्रोस्टेटच्या एमआरआय अहवालात ‘संशयास्पद गाठ नाही’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यात दोन विधाने एकत्र आलेली असतात : गाठ दिसली नाही आणि गाठ नाही. पहिल्यावरून दुसरे केव्हा ठरवता येते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातला जुना प्रश्न आहे. कुमारिल भट्टांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले, प्रभाकरांनी ते नाकारले, तर नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो. तरी अनुपलब्धी ‘योग्य’ हवी, ही अट अनुपलब्धीवादी आणि नैयायिक दोघांनाही मान्य आहे. घट असता तर दिसलाच असता, इतकी पाहण्याची सामग्री हजर पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रोस्टेटच्या चित्रणात या अंधाराची कारणे अगदी साधी असतात. गुदाशयातल्या वायूने डिफ्युजन प्रतिमा वेडीवाकडी होते, आतड्याच्या हालचालीने टी-२ प्रतिमा पुसट होते, कृत्रिम खुब्याचा धातू चुंबकीय क्षेत्र बिघडवतो. २०२० साली मांडलेली पाय-क्वाल ही गुणपद्धती नेमकी ही योग्यता तपासते. टी-२, डिफ्युजन आणि कॉन्ट्रास्ट या तिन्ही मालिका पाहून तपासणीला सुरुवातीला १ ते ५ गुण दिले जात. २०२४ च्या आवृत्तीत तीनच श्रेणी ठेवल्या आहेत. मूळ पद्धतीतला ३ हा गुण तात्त्विकदृष्ट्या सर्वांत बोलका आहे : अशा तपासणीवरून गाठ आहे असे म्हणता येते, नाही असे म्हणता येत नाही. भाव आणि अभाव यांच्या पुराव्याची मापे सारखी नसतात, हे येथे आकड्यातच उतरले आहे.

म्हणून प्रतिमा सुधारणे हे ज्ञानाची पात्रता निर्माण करण्याचे काम आहे. तपासणीपूर्वी गुदाशय रिकामा करणे, गरजेनुसार आतड्याची हालचाल मंदावणारे औषध देणे, टी-२ चे छेद सलग आणि ३ मिलिमीटर जाडीचे घेणे, बिघडलेली मालिका रुग्ण यंत्रात असतानाच पुन्हा घेणे, हे त्याचे मार्ग.

तरीही मर्यादा उरते. पिशाच मुळातच अदृश्य मानलेले असल्याने त्याचा अभाव डोळ्यांनी ठरत नाही, असे नैयायिक सांगतात. काही कर्करोगही एमआरआयच्या दृष्टीला तसेच असतात. २०१७ च्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात नकारात्मक तपासणी वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय कर्करोगाबाबत ८९ टक्के वेळा खरी ठरली. त्यामुळे अहवालात निष्कर्षाबरोबर प्रतिमेची प्रत नोंदवलीच पाहिजे. प्रत कमी असेल, तर पीएसए रक्तचाचणी आणि कौटुंबिक इतिहास यांचे वजन वाढते आणि बायॉप्सी टाळण्याचा निर्णय एकट्या एमआरआयवर सोपवता येत नाही.