पालकांचे मनोगत

'मनोगत' हा मराठीतील एक देखणा शब्द आहे. मनात जे आहे ते, एवढाच त्याचा मूळ अर्थ. समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत तो छापला जातो तेव्हा मात्र त्याला निराळा अर्थ प्राप्त होतो. पाच मिनिटे, ध्वनिक्षेपकासमोर, प्रसंगाला शोभेल असे निवडक बोलणे म्हणजे मनोगत. मनातले पुष्कळसे त्या पाच मिनिटांत येत नाही. मग जे बोलले गेले आणि जे मनात राहिले, त्या दोहोंतील अंतराचा हिशेब अल्लाहपुढे कसा द्यायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या परिसरात तो आता वारंवार उभा राहतो. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले, तर विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ मध्ये झाली. इंदापूर तालुक्यातील मुले-मुली एस.टी.चा पास काढून बारामतीला शिकू लागली. बागवान, तांबोळी, मुलाणी, आतार, शिकलगार अशा आपल्या अनेक घरांतील पहिले पदवीधर याच वाटेने घडले. पदवी विद्यापीठाची असली तरी ती प्रदान करण्याचा समारंभ आता महाविद्यालयांतही होतो, आणि अशा प्रसंगी एखाद्या पालकाला चार शब्द बोलण्यास सांगितले जाते. ज्या घरात व्यासपीठावर कधी कोणी उभे राहिले नाही, त्या घरातील बापाला हा मान मिळतो, आणि मानाबरोबर चिंताही.

इंदापूर तालुक्यातील अशाच एका पालकाने इशाच्या नमाजनंतर माझ्याजवळ मन मोकळे केले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असा तपशील वगळून, ती गोष्ट येथे मांडतो. त्यांची मुलगी विज्ञान शाखेची पदवीधर झाली होती, खानदानातील पहिली. समारंभात पालकांच्या वतीने बोलण्याची विनंती त्यांना झाली. मुलांना कसे घडवले, ते सांगायचे होते. त्यांची झोप उडाली. वरवरची भीती साधी होती. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाला सभेतील मराठी जमेल का, एवढीच. खालची भीती खोल होती. थोरला मुलगा बारावीत दोनदा नापास झाला आणि त्याचे शिक्षण सुटले. तो एमआयडीसीतील एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. बहिणीच्या फीचे पैसे कित्येकदा त्याच्याच पगारातून गेले.

"मौलाना," ते म्हणाले, "दोन्ही लेकरं मी एकाच हातानं वाढवली. एकीचं श्रेय सभेत घ्यायचं आणि दुसऱ्याचं नाव गिळून टाकायचं. माझा एकही शब्द खोटा नसेल, तरी सगळं मिळून खोटं होईल. हा निफाक नाही का?"

करीत नाही ते बोलणे अल्लाहला अत्यंत अप्रिय आहे, हा सूरह सफ्फमधील इशारा त्यांनी जुम्याच्या बयानात ऐकला होता. त्यामुळे प्रश्न केवळ संकोचाचा राहिला नव्हता. तो ईमानाचा झाला होता.

निफाकची भीती प्रथम तपासू. सहीह मुस्लिममध्ये हजरत हन्जला (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहवासात असताना जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांसमोर दिसतात, पण घरी जाऊन बायकापोरांत आणि कामधंद्यात गुंतलो की त्यातले पुष्कळसे विसरायला होते, म्हणून आपण मुनाफिक झालो, असे त्यांना वाटू लागले. वाटेत भेटलेल्या हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सांगितले की आपलीही तीच अवस्था होते. दोघे प्रेषितांकडे गेले. माणसाची अवस्था सदैव एकसारखी राहत नाही, एक घटका अशी तर दुसरी तशी असते, या अर्थाचे बोलून प्रेषितांनी त्यांना धीर दिला. दोन ठिकाणी मन दोन अवस्थांत असणे म्हणजे निफाक नव्हे, हे यातून स्पष्ट होते. मुनाफिक आपल्या आतले झाकतो ते समोरच्याला फसवण्यासाठी, आणि त्याची त्याला खंत नसते. ज्याची झोप या विचाराने उडाली, त्याच्या अंतःकरणात ईमान जागे आहे.

तथापि निफाक नाही म्हणजे चिंता निराधार आहे, असे मात्र नाही. या बापाची चिंता एका फार मोठ्या तत्त्वाला स्पर्श करते, आणि ते तत्त्व खरेपणापेक्षा न्यायाचे आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांची प्रसिद्ध हदीस आहे. त्यांचे वडील बशीर (रजि.) यांनी त्यांना एक भेट दिली. त्यांची आई अमरा बिन्त रवाहा (रजि.) यांनी आग्रह धरला की या भेटीवर प्रेषितांची साक्ष व्हावी. वडील साक्षीसाठी गेले तेव्हा प्रेषितांनी विचारले की आपल्या सर्व मुलांना असेच दिले आहे काय. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला, आणि अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करण्याची आज्ञा केली. बशीर (रजि.) यांनी ती भेट परत घेतली.

भेटवस्तूंतील ही समानता वाजिब की मुस्तहब, याविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत. परंतु हदीसचा आत्मा केवळ मालमत्तेपुरता नाही, हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. कूफा येथील ताबिई इब्राहीम नखई (रह.) सांगतात की त्यांच्या आधीचे बुजुर्ग मुलांचे मुके घेण्यातही समानता राखणे पसंत करीत. मुक्यात जर न्याय असेल, तर स्तुतीत का नसावा? बापाने चारचौघांत केलेली प्रशंसा ही आयुष्यभर पुरणारी भेट असते. त्या हदीसमध्ये भेटीवर एका व्यक्तीची साक्ष मागितली गेली होती. येथे तर भरलेले सभागृह साक्षीदार केले जाते. त्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेला, किंवा त्या दिवशी मुद्दाम कामावर गेलेला मुलगा काय ऐकतो, हा प्रश्न त्या बापाला छळत होता. तो त्याला छळावा, यातच त्याचे बापपण आहे.

मग मुलीच्या यशाविषयी मौन पाळावे काय? नाही. पालनकर्त्याची कृपा बोलून दाखवण्याची शिकवण सूरह दुहाच्या अखेरीस आहे. एस.टी.ला लोंबकळत, घरकाम सांभाळत मुलीने मिळवलेली पदवी ही कृपाही आहे आणि तिचे कष्टही. तो दिवस तिचा आहे. भावाला वाईट वाटेल म्हणून तिचा आनंद आखडता घेणे, हा तिच्यावरील अन्याय ठरेल. एकाला न्याय देताना दुसरीचे काढून घेणे म्हणजे न्याय नव्हे.

या पेचात मार्ग दाखवणारे पिता म्हणजे हजरत याकूब (अ.). सूरह यूसुफ आपण यूसुफ (अ.) यांची कथा म्हणून वाचतो; ती एका बापाच्या अंतःकरणाचीही कथा आहे. लहानग्या यूसुफने स्वप्न सांगताच त्यांनी ते भावांना न सांगण्याची ताकीद दिली. अल्लाहची देणगी खरी होती, तरीही ती कोणापुढे, कशी मांडावी याला मर्यादा होती. पिता आपल्यापेक्षा यूसुफवर अधिक प्रेम करतो, हा सल भावांच्या मनात होता आणि त्यातूनच पुढचा अनर्थ घडला. झाकणे आणि खोटे बोलणे यांतील भेद येथे दिसतो. याकूब (अ.) यांनी झाकले ते मुलांच्या रक्षणासाठी. स्वतःची शान राखण्यासाठी झाकले असते तर ते वेगळे ठरले असते.

पुढे मुले धान्यासाठी पुन्हा मिसरला निघाली, तेव्हा याकूब (अ.) यांनी त्यांना एकाच दरवाजाने न शिरता वेगवेगळ्या दरवाजांनी शिरण्याचा सल्ला दिला, आणि त्याच दमात सांगितले की अल्लाहच्या इच्छेपुढे मी तुमच्या काहीही उपयोगी पडू शकत नाही. कुरआन सांगते की ही याकूब (अ.) यांच्या मनातील एक निकड होती, ती त्यांनी पूर्ण केली (आयत ६७-६८). घराबाहेर पडणाऱ्या मुलांना उद्देशून बापाने केलेले याहून प्रामाणिक भाषण कोणते? त्यात सल्ला आहे, माया आहे आणि स्वतःच्या असमर्थतेची कबुलीही आहे. पुढे दुःख अनावर झाले तेव्हा त्यांनी सांगितले की आपली व्यथा आणि शोक आपण केवळ अल्लाहपुढे मांडतो (आयत ८६). लोकांसाठी सल्ला आणि अल्लाहसाठी व्यथा, अशी ही वाटणी आहे.

बोलण्याची अशी दोन स्थाने असतात, याची एक खूण बारामतीच्या मातीतही सापडते. कवी मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीकर नाइकांच्या आश्रयाने येथे पुराण सांगत. सभेपुढे बोलणे हेच त्यांचे काम होते. तरीही आपले आर्त त्यांनी 'केकावली'त थेट ईश्वराला उद्देशून मांडले. केका म्हणजे मोराची हाक. त्यांची श्रद्धा आणि आपली श्रद्धा वेगळी. पण सभेपुढे कितीही बोलले तरी काही बोलणे ईश्वरापुढेच करायचे उरते, हा अनुभव या भाषेलाही परिचित आहे.

आता दोन वाटा टाळायला हव्यात. पहिली वाट नकार देण्याची. आपण लायक नाही, लोक हसतील, म्हणून बोलणेच नको, असे म्हणणे वरून नम्र दिसते. परंतु लोकांसाठी कर्म करणे जसे घातक, तसे लोकांसाठी कर्म सोडणेही, असा इशारा फुजैल बिन इयाज (रह.) यांच्या नावे सांगितला जातो. हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनपुढे जाण्याचा आदेश झाला तेव्हा त्यांनी आपली अडचण लपवली नाही. छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि सोबतीला भाऊ हारून (अ.) यांना मागून घेतले. ही दुआ आपण मुलांना परीक्षेपूर्वी शिकवतो. व्यासपीठावर जाणाऱ्या बापालाही ती तितकीच लागू आहे. मूसा (अ.) यांनी त्या क्षणी आपल्या भावाचे नाव घेतले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी वाट सगळेच सांगून टाकण्याची. आजकाल जाहीर कबुलीला मोठे मोल आले आहे. मुलाचे नापास होणे सांगितल्याने बाप प्रामाणिक ठरेल, टाळ्याही पडतील. पण त्या टाळ्यांची किंमत मुलगा मोजेल. नापास होणे हे काही पाप नव्हे. तरीही ज्या धर्मात बांधवाचा खराखुरा दोष झाकणाऱ्याला अल्लाहकडून झाकले जाण्याची शुभवार्ता आहे, त्या धर्मात निर्दोष मुलाचे दुखणे सभेत उघडे करण्यास जागा कोठून असणार? बापाची गोष्ट बापाची आहे. मुलाची गोष्ट मुलाची अमानत आहे.

त्या पालकाला मी एवढेच सांगितले की भाषण लिहिण्याआधी मुलाशी बोला. सभेत तुझे नाव घेतलेले तुला आवडेल का, हे त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर त्याचे अपयश सोडून त्याचे कष्ट सांगा. या पदवीच्या फीत एका भावाच्या घामाचे पैसे आहेत, हे वाक्य खरे आहे, न्याय्य आहे, आणि त्यात कोणाचेही गुपित फुटत नाही. तो नको म्हणाला, तर नाव घेऊ नका. पण तेच वाक्य घरी, त्याच्या आईसमोर आणि बहिणीसमोर, त्याला म्हणा. सभेतील कौतुकापेक्षा घरातील साक्ष कदाचित अधिक काळ टिकेल.

आणि "आम्ही कसे घडवले" या विषयाला थोडी मुरड घाला. हजरत नूह (अ.) यांच्यासारख्या प्रेषिताचा मुलगा बापाची हाक ऐकूनही नौकेत चढला नाही, तर आजरच्या घरात इब्राहीम (अ.) जन्मले. संगोपन आपले कर्तव्य आहे. फळ अल्लाहच्या हाती आहे. म्हणून पालकाने सभेत कृती सांगण्यापेक्षा शुक्र सांगावा. शिक्षकांचा, मुलीच्या आईचा, मुलीच्या स्वतःच्या मेहनतीचा उल्लेख करावा आणि दुआ करावी. ज्याने यशाचे पूर्ण श्रेय घेतले नाही, त्याच्यावर दुसऱ्या मुलाच्या अपयशाचा पूर्ण दोषही येत नाही. त्या बापाच्या छातीवरील अर्धे ओझे याच एका समजुतीने उतरावे.

हे केवळ महाविद्यालयापुरते नाही. आपल्या मदरशांत हिफ्ज पूर्ण करणाऱ्या मुलांची दस्तारबंदी होते, तेव्हाही एका मुलाच्या डोक्यावर पगडी बांधली जाते आणि त्याचा भाऊ खाली सतरंजीवर बसलेला असतो. अभिनंदन करताना आपण श्रोत्यांनीही त्या दुसऱ्या मुलाला "आणि तू काय करतोस?" असे टोचून विचारू नये. त्याचा हात हाती घ्यावा, सलाम करावा.

अल्लाह आपल्या मुलांना आपल्या डोळ्यांची शीतलता बनवो, त्यांच्यामध्ये न्याय करण्याची आपणास तौफीक देवो, आपल्या जिभेवर सत्य आणि अंतःकरणात त्याचे भय ठेवो. ज्या मुलांची नावे कोणत्याही सभेत पुकारली गेली नाहीत, त्यांचे कष्ट त्याच्याकडे नोंदलेले आहेत. त्यांना तो उत्तम मोबदला देवो. आमीन.