ही सुई तुझ्यासाठी नाही

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे ‘एज केस’ नावाचा एक प्रकार असतो. लाखभर लोक ॲप निवांत वापरत असतात आणि एखाद्याच्याच फोनवर ते कोसळतं. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, किती युजर्सना त्रास होतोय? आकडा लहान असला की ते तिकीट यादीत खाली सरकतं. पण मुरलेले इंजिनिअर सांगतात, याच्याकडे नीट बघा. मूळ कोडमधली चूक कधी कधी त्या एकट्याच्याच फोनवर दिसते, असते मात्र सगळीकडे.

दुर्मीळ आजारांवर संशोधन का करायचं, याचं उत्तरही बहुतेकदा याच भाषेत दिलं जातं. मला ते पटतं आणि खटकतंही. का, ते एका उदाहरणावरून सांगतो.

२००५ मध्ये बार्ट लोइस आणि हॅल डिट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जनुकीय सिंड्रोमचं वर्णन केलं. आज तो लोइस-डिट्झ सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. हृदयातून निघणारी महाधमनी यात फुगत जाते आणि फाटू शकते. तेही कधी कधी अगदी लहान वयात, आणि एरवी डॉक्टर ‘अजून थांबू’ म्हणतील एवढ्याच फुगवट्यावर. काहींच्या डोळ्यांमधलं अंतर जास्त असतं, पडजीभ दुभंगलेली असते, रक्तवाहिन्या नागमोडी असतात. टीजीएफ-बीटा नावाचं एक प्रथिन पेशींना निरोप देतं. तो निरोप झेलणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात बिघाड झाला की हे सगळं घडतं.

ज्या घरात मुलाची महाधमनी कधीही दगा देऊ शकते, तिथे दूध-अंडं-शेंगदाण्याची ॲलर्जी म्हणजे किरकोळ कटकट वाटेल. अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञ पामेला गुरेरिओ आणि डिट्झ यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला किरकोळ मानलं नाही. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की या सिंड्रोमच्या रुग्णांमध्ये अन्नाची ॲलर्जी, दमा, एक्झिमा, आतड्यांचे ॲलर्जीजन्य आजार यांची प्रवृत्ती फार जास्त असते.

कारण मला विलक्षण वाटतं. जेवण म्हणजे रोज पोटात येणारी परकी प्रथिनं. त्यांच्याशी लढायचं नाही, हे प्रतिकारशक्तीला शिकावं लागतं आणि या शिकवणीत टीजीएफ-बीटाचा मोठा वाटा असतो. गुरेरिओंच्या गटाने रुग्णांच्या रक्तातल्या अजून कोऱ्या असलेल्या टी-पेशी घेतल्या आणि त्यांना टीजीएफ-बीटा दिलं. त्या कल्चरमध्ये ॲलर्जीला खतपाणी घालणाऱ्या पेशी साठत गेल्या. सिंड्रोम नसलेल्यांच्या पेशींमध्ये तसं झालं नाही. म्हणजे दोष शाळेतल्या वातावरणात किंवा आईने काय खाऊ घातलं त्यात शोधायची गरज नव्हती, तो पेशीतच होता. (ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला नातेवाईक काय काय ऐकवतात, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना या वाक्याचं वजन कळेल.)

साध्या ॲलर्जीमागे अनेक जनुकं, त्वचा, आहार, परिसर असा गुंता असतो. इथे एकाच जनुकातला बिघाड. त्यामुळे सिंड्रोम नसलेल्या कोट्यवधी लोकांच्या ॲलर्जीचं गूढ उकलायलाही हा धागा उपयोगी पडू शकेल, असं संशोधकांनी लिहिलं.

मी अडखळतो तो इथे. बघता बघता गोष्टीचा नायक बदलला. आधी ते मूल होतं, आता बाकीचे सगळे आहेत. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट म्हणाला होता. त्यातल्या ‘केवळ’वर सगळी भिस्त आहे. साधन तर आपण सगळेच कुणाचे ना कुणाचे असतो.

‘दुर्मीळ आजारातून सर्वांच्या आजाराबद्दल कळतं’ हा युक्तिवाद निधी मिळवायला चांगला आहे, आणि निधीशिवाय लॅब चालत नाही हे मान्य. पण तो शेवटपर्यंत ताणून बघा. उद्या असा आजार निघाला ज्यातून बाकीच्यांना शिकण्यासारखं काहीच नाही, तर त्या मुलाचं काय? या हिशोबात त्याचं तिकीट तळाला जाईल. ॲपचा युजर निदान फोन बदलू शकतो. शरीर बदलून मिळत नाही.

गुरेरिओंच्या कामात मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. या शोधासाठी कुणीतरी महाधमनीच्या पलीकडे बघणं, मूल काय खातं आणि खाल्ल्यावर त्याला काय होतं हे विचारणं भाग होतं. त्याचा फायदा आधी त्या मुलांनाच. वजन वाढत नाही, घास गिळताना त्रास होतो, याला ‘सिंड्रोमच आहे, चालायचंच’ म्हणण्याऐवजी ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवता येतं. उपचार करता येतात.

तरी रक्ताचा प्रश्न उरतोच. संशोधनासाठी काढलेल्या त्या जादा नळीतून त्या मुलाला स्वतःला बहुधा काहीच मिळणार नसतं. सही आईबाप करतात. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी संमती घ्यायला सांगतात. नियम चांगला आहे. पण आठ वर्षांच्या मुलीला सांगायचं काय? आपण मोठी माणसं ‘मुंगी चावल्यासारखं होईल, आणि मग तू बरी होशील’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते तिला सांगावं, ही सुई तुझ्यासाठी नाही. तुझ्या औषधांसाठीचं रक्त काढून झालंय. हे जास्तीचं, आम्हाला काहीतरी समजून घ्यायचंय म्हणून. तू दिलं नाहीस तरी तुझे डॉक्टर तेच राहतील आणि पुढची सोनोग्राफी ठरलेल्या तारखेलाच होईल.

काही मुली नाही म्हणतील. अभ्यासातला एक नमुना कमी होईल, आणि मुळात रुग्णच थोडे असल्याने तो एक नमुना महागात पडेल. तो खर्च संशोधकाने सोसावा.