तोंड पाहावें कीं दोष पाहावा?

मालवण किनाऱ्यावर मशेरी लावणारी आजीबाई आशा सेविकेपुढें तोंड उघडण्यास कचरते, ती बहुधा बोलणीं बसतील या भयानें. पांढरा वा लाल चट्टा, दोनतीन आठवडे न भरणारी जखम, हीं कर्करोगाचीं लक्षणें सेविकेस शिकवितां येतात. त्रिवेंद्रम जिल्ह्यांत 1996 पासून डॉक्टर नसलेल्या, पण शिकविलेल्या कार्यकर्त्यांनीं घरोघर तोंडें तपासिलीं. 2005 सालच्या निष्कर्षांप्रमाणें तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यु, तपासणी न झालेल्या गांवांच्या मानानें, 34 टक्के कमी झाले. म्हणजे ज्यांस आम्ही दोषी ठरवितों, तेच वांचले. जन्मांधास पाहून शिष्यांनीं पाप कोणाचें हें विचारिलें. प्रभूनें त्यास दृष्टि दिली. तंबाखू सोडण्याचा बोध करावाच (कित्येक उपदेशकांनीं तो प्रथम आपल्या चंचीस करावा). पण तोंड पाहून झाल्यावर, आणि चट्टा आढळल्यास इस्पितळापर्यंत सोबत जाऊन.