वारस की विश्वस्त?

माणूस गेला की त्याची जमीन वारसांच्या नावावर चढते. परंतु एखाद्या लेखकाने आयुष्यभर खपून एक संपूर्ण कल्पनाविश्व उभारले असेल, त्यातील पर्वत, नद्या, भाषा आणि राजवंश स्वतः निर्माण केले असतील, तर त्याच्या निधनानंतर त्या विश्वात नव्या कथा रचण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न वरकरणी वाङ्मयीन आहे. आमच्या मते तो सदसद्विवेकाचा आहे.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर इंग्लंडात ७० वर्षे व भारतात ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. पुढे ती निर्मिती सर्वांची होते. दार केव्हा उघडेल एवढेच कायदा सांगतो. आत कसे वागावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले, तेव्हा त्यांच्या 'व्हील ऑफ टाइम' या अद्भुतकथामालेचे ११ खंड झाले होते. शेवट राहिला होता. आजारपणात त्यांनी टिपणे करून ठेवली आणि कथा पूर्ण व्हावी अशी इच्छा व्यक्त केली. त्यांच्या पत्नी याच त्यांच्या संपादिका. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडले आणि २००९ ते २०१३ या काळात त्याने तीन खंडांत ते कार्य तडीस नेले. याउलट 'डिस्कवर्ल्ड'चे जनक टेरी प्रॅचेट २०१५ साली निवर्तले. त्यांच्या अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क त्यांच्याच इच्छेनुसार २०१७ साली वाफेच्या रोलरखाली चिरडण्यात आली. एकाच्या बाबतीत लिहिणे ही निष्ठा ठरली, दुसऱ्याच्या बाबतीत न लिहिणे.

परंतु दिवंगताची इच्छा इतकी स्पष्ट नसेल तर? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे कर्ते जे. आर. आर. टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक. आपल्या पुराणकथांत इतरांच्या चित्रकलेला, संगीताला व नाट्याला वाव राहावा, असे त्यांनी एका पत्रात लिहिले होते. मात्र त्या कादंबरीचा पुढचा भाग स्वतः आरंभून त्यांनी थोड्याच पानांनंतर सोडून दिला. १९७३ साली ते वारले, तेव्हा मागे हस्तलिखितांचा ढीग होता. पुत्र ख्रिस्तोफर यांनी त्यांतून १९७७ साली 'सिल्मारिलियन' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी त्यांना काही निवडावे लागले, काही जोडावे लागले. पुढे १९८३ ते १९९६ या काळात १२ खंडांत त्यांनी वडिलांचे मूळ खर्डेच टीपांसह वाचकांपुढे ठेवले. पित्याचे शब्द कोणते व पुत्राचे कोणते, हे त्यामुळे पारखता येऊ लागले. आपल्याकडे संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. स्वतःचे सांगणे त्यांनी स्वतःच्या ग्रंथांत सांगितले.

'कोणी हातच लावला नाही, तर ते विश्व कोमेजणार नाही काय?' असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. टॉल्किन यांनीही उत्तरेकडील प्राचीन कथांतून पुष्कळ घेतले; परंतु घेतलेल्या दगडांनी त्यांनी आपले घर बांधले. दिवंगताच्या नावाची पाटी लावून आपला माल खपविणे ही निराळी गोष्ट. मृताला तक्रार करता येत नाही. म्हणूनच त्याच्याशी व्यवहार करताना अधिक जपावे लागते.

टॉल्किन यांच्या मते, मनुष्य निर्मात्याच्या प्रतिमेनुसार घडला आहे, म्हणून तोही निर्मिती करतो. हे मानले तर लेखकसुद्धा आपल्या विश्वाचा अंतिम धनी उरत नाही. त्यालाही ते सांभाळण्यास मिळालेले असते. मग मागून येणारा मालक कसा होईल? तो विश्वस्तच. विश्वस्ताने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मला हे कोणी सोपविले? माझी भर माझ्या नावाने ओळखता येईल काय? यात सेवा किती आणि लाभ किती?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर काम अपुरे राहू द्यावे. 'लीफ बाय निगल' ही टॉल्किन यांची १९४५ साली प्रसिद्ध झालेली कथा अशाच एका चित्रकाराची आहे. त्याचे झाडाचे चित्र इहलोकी अपुरेच राहते. मृत्यूनंतर तेच झाड त्याला जिवंत व पूर्ण भेटते. जे आपल्या हातून पुरे होत नाही ते परमेश्वराच्या हातून होऊ शकते, ही श्रद्धा असलेल्याला कोऱ्या पानाचे भय वाटण्याचे कारण नाही.