देह आटतो, खोळ उरते

पनवेलच्या वडाळे तळ्याकांठीं रोज सकाळीं फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. तेथें भेटणारीं माणसें एकमेकांस नांवानें क्वचितच ओळखतात. चालण्याच्या ढबीवरून व शरीराच्या ठेवणीवरून ओळखतात. गेल्या वर्षीं अशाच एका सकाळीं एका गृहस्थांनीं आम्हांस नमस्कार केला. परक्याच्या नमस्कारास द्यावें तसें उत्तर देऊन आम्ही पुढें निघालों, तोंच पाठीमागून हांक आली. आवाज वीस वर्षांच्या परिचयाचा होता. एके काळचे आमचे सहाध्यापक, आणि आमच्या अध्यापकवर्गांतील सर्वांत स्थूल गृहस्थ, ते हेच! वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया त्यांनीं दीड वर्षापूर्वीं करून घेतली होती.

“ओळखलें नाहींत यांत तुमचा दोष नाहीं,” ते हंसून म्हणाले. “आरशांत पाहतांना मलाही अजून चुकल्यासारखें होतें.” मग सदऱ्याची बाही वर सारून त्यांनीं दंडाखालीं लोंबणारी कातडी दाखविली. “वजन गेलें, पण त्याची खोळ मागें राहिली.”

या शस्त्रक्रियेची माहिती आतां दुर्मिळ राहिलेली नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंतील आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं तिच्या एका प्रकाराचा पाया घातला. आपल्याकडे नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं मुंबईस ती करून घेतल्याचें अनेकांच्या वाचनांत आलें असेल. एका प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. दुसऱ्यांत जठराची लहानशी पिशवी करून ती आंतड्याच्या पुढील भागास जोडतात. भूक मंदावते, आहार घटतो, आणि वर्ष-दीड वर्षांत बरेंच वजन उतरतें. मधुमेहासारखे विकारही पुष्कळांचे आटोक्यांत येतात. परंतु वर्षानुवर्षें ताणलेल्या त्वचेचे लवचिक तंतू पूर्ववत् होत नाहींत. पोट, दंड, मांड्या, छाती येथें ती घड्यांनीं लोंबते. कोंकणच्या दमट हवेंत त्या घड्यांत घाम सांचून चट्टे उठतात. चेहऱ्यावरची चरबी गेल्यानें माणूस वयापेक्षां म्हातारा दिसूं लागतो. गीतेंतील जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. तेथें देही वस्त्र टाकून जातो. येथें देहच आटतो आणि वस्त्र अंगावर राहतें.

आमच्या मित्राची खरी तक्रार मात्र कातडीविषयीं नव्हती. “स्थूल होतों तेव्हां लोक मला खादाड म्हणत,” ते म्हणाले. “वजन उतरूं लागलें तेव्हां ‘तब्येत फार उतरली, कांहीं दुखणें लपवितां काय?’ असें विचारूं लागले. आतां शस्त्रक्रियेचें कळल्यावर म्हणतात, हें आयतें मिळविलेलें आहे.” एकाच माणसाबद्दल तीन निकाल, आणि तिन्ही त्याच्या शीलासंबंधीं!

आमची भाषाच याला साक्ष आहे. ज्या समाजानें दुष्काळ पाहिले त्यानें ‘खात्यापित्या घरचा’, ‘अंगानें भरला’ हे शब्द कौतुकाचे केले, व ‘खंगला’, ‘वाळला’ हे काळजीचे. पुढें सुबत्ता वाढली, तेव्हां स्तुति व निंदा यांनीं आपापल्या जागा बदलल्या. परंतु शरीरावरून माणूस वाचण्याची खोड तीच राहिली. वास्तविक शरीराची आकृति शरीराविषयींही धड साक्ष देत नाहीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आपली व आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! जी आकृति चरबीचाही हिशेब नीट सांगत नाहीं, ती शीलाचा काय सांगणार?

‘आयतें मिळविलें’ हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. संयमानें साधावयाचें तें शस्त्रानें साधलें, तर त्यांत पुण्य कोणतें? आमचें उत्तर असें कीं, येथें पुण्याचा प्रश्नच नाहीं. भुकेचें नियमन करणारीं द्रव्यें शरीरांतच आहेत. उपासानें वजन उतरलें कीं तीं भूक वाढवून तें पूर्वस्थितीस आणूं पाहतात. या झटापटींत कोणी शस्त्रवैद्याचें साह्य घेतलें तर तें चष्मा लावण्याइतकेंच निर्दोष आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही मोजका आहार, व्यायाम आणि जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुटत नाहींत. आयतें असें येथें फारच थोडें.

याहून अवघड प्रश्न उरलेल्या खोळीचा. ती कापून टाकण्याची दुसरी शस्त्रक्रिया होऊं शकते. पण लांब व्रण मागें राहतात आणि खर्चही मोठा. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनीं अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियेस विशिष्ट अटींवर जागा दिली. केवळ रूपासाठीं केलेली शस्त्रक्रिया वगळली. मेद हा रोग आणि रूप ही हौस, हा भेद कागदावर सोपा आहे. प्रकृति सुधारली, आतां रूपाचा सोस कशाला, असें आम्हांसही प्रथम वाटलें. परंतु असें म्हणण्याचा आमचा अधिकार तपासूं लागलों, तेव्हां मान खालीं गेली.

महाविद्यालयांत दरवर्षीं अध्यापकांचें छायाचित्र निघे. त्या वेळीं ‘तुम्ही कडेला उभे राहा, नाहीं तर आम्ही कोणीच दिसणार नाहीं,’ हा विनोद आम्हीच करीत असूं, आणि ते सर्वांहून मोठ्यानें हंसत. त्या सकाळीं आम्हीं त्याची आठवण काढली, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “मी हंसलों नसतों तर तुम्हांला वाईट वाटलें असतें.” अजूनही अरुंद दारांतून जातांना ते अंग तिरकें करतात. वजन उतरलें तरी जुना आकार मनांतून जात नाहीं, हा अशा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. त्या आकारापर्यंत शस्त्रवैद्याची सुरी पोंचत नाहीं. कारण तो केवळ मेदानें घडलेला नसतो, आमच्यासारख्यांच्या विनोदांनींही घडलेला असतो.

म्हणून खोळ ठेवावी कीं काढावी, हें ज्यास ती अंगावर वागवावयाची आहे त्यानेंच ठरवावें. ठेविली तर त्यांत लाज नाहीं. काढविली तर तो पोकळ सोस नव्हे. पाहणाऱ्यांनीं निकाल देण्याचें थांबविलें, तरी त्यांच्याकडून पुष्कळ झालें.

गेल्या महिन्यांत जुन्या सहकाऱ्यांचें एक छायाचित्र निघालें. संवयीनें ते कडेला जाऊं लागले. त्यांस हात धरून मध्यें आणावें असें क्षणभर मनांत आलें. पण तोही एक निकालच झाला असता. आम्ही मुकाट्यानें त्यांच्या शेजारीं जाऊन उभे राहिलों.