देवी आणि दफ्तर

अमडापूरच्या टेकडीवर बल्लाळदेवीच्या दर्शनास जाणारा भाविक देवीच्या अवताराचे साल विचारीत नाही. याच बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी मात्र 1598 हे साल तो आवर्जून सांगतो. श्रद्धेला दफ्तराची गरज कितपत, हा प्रश्न जपानच्या सम्राज्ञी जिंगूने फार तीव्रतेने उभा केला आहे. 720 सालच्या ‘निहोन शोकी’त तिची कथा येते: देवाच्या कौलावर अविश्वास दाखविणारा तिचा पती मरण पावतो आणि ती गरोदर असतानाच, प्रसूती लांबावी म्हणून कमरेला दगड बांधून, कोरियातील सिल्ला राज्यावर स्वारी करते. तिचा पुत्र ओजिन पुढे हाचिमान या देवतेशी एकरूप मानला गेला. 1881 मध्ये तिची छबी नोटेवर आली, 1926 मध्ये सम्राटांच्या अधिकृत यादीतून तिचे नाव वगळले गेले. ओसाकाच्या सुमियोशी देवस्थानात मात्र तिची पूजा अबाधित राहिली.

कागदावर नाव नाही म्हणून देवत्व जात नाही, हे मला मान्य आहे. खरी अडचण निराळीच. आपल्या देवीने मारलेला महिषासुर कोणत्याही मुलखाचा रयत नव्हता, त्याच्या वंशजांवर वसुलीचा हुकूम बजावण्याचा प्रसंगच कोणावर येत नाही. जिंगूच्या कथेतील शत्रू मात्र नकाशावर सापडतो, आणि 1910 साली कोरिया खालसा करणाऱ्या जपानी राज्यकर्त्यांच्या काळात ही पुराणकथा जुन्या हक्काची सनद म्हणून पुढे केली जात होती.