गाडी घरीच धू

चि. मुक्ता,


गाडी घेतलीस, चिपळूण-गुहागर जाणं-येणं सुरू झालं, हे वाचून फार बरं वाटलं. ‘धुवायला वॉशिंग सेंटरला टाकते’ असं लिहिलंस, ते मात्र पटलं नाही. प्रेशरच्या फवाऱ्याने चिखल झटक्यात निघतो खरा, पण तोच फवारा जवळून मारला की चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि चेनच्या कड्यांत पाणी शिरतं, आतलं ग्रीस निघून जातं. शिवाय गाडीवरून आपला हात फिरायचा राहतो. सैल झालेला नट, टायरमध्ये रुतलेला खिळा, इंजिनखाली झिरपलेलं तेल हे धुतानाच सापडतं.

घरी आल्या आल्या पाणी मारू नकोस. सावलीत लाव, इंजिनला हात लावता येईल इतकं निवू दे. तापल्या धातूवर गार पाणी नको, आणि शाम्पूही जागच्या जागी वाळून डाग धरतो. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांध, किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी लाव.

आधी नुसतं पाणी, भरपूर. आपली तांबडी माती वाळली की पॉलिश पेपरसारखी होते. ती वाहून जायच्या आत फडकं फिरवलंस तर टाकीवर ओरखडे उठणारच. मडगार्डच्या आतून हात घाल. तिथे चिखलाचे पोपडे ओल धरून बसतात आणि पत्रा तिथूनच गंजायला लागतो. गुहागरच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. मग गाडीचा शाम्पू, वरून खाली. चाकांचं फडकं वेगळं ठेव. भांड्यांचा साबण नको, रंगावरचं मेण जातं.

आता चेन. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. मागचं चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये सापडून तुटली आहेत. याबाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून एकेक कडी घास. काळं, वाळूमिश्रित वंगण सुटून खाली ठिबकायला लागेल, कडीचा मूळ रंग दिसेल. पेट्रोल वापरू नकोस. आगीची भीती आहेच, शिवाय कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. तारेचा ब्रशही त्यांना कापतो. कोरडी पुसून चेनच्या आतल्या बाजूने थेंब थेंब नव्वद नंबरचं गिअर ऑइल सोड, चाक फिरलं की ते आपोआप बाहेर पसरतं. जास्तीचं टिपून घे. टायरवर किंवा डिस्कवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. सीटला आणि टायरला चकचकीत करणारं पॉलिशही लावू नकोस, वळणावर घसरशील.

पिशवी काढून इंजिन थोडा वेळ चालू ठेव. मग गल्लीतच हळू चालवत दोन्ही ब्रेक दाबत राहा, पाणी निघून ते नीट धरेपर्यंत. तोवर हमरस्त्यावर जाऊ नकोस.

मागच्या ड्रमवर, ब्रेकच्या दांडीपाशी, छोटा बाण असतो. पॅडल पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला, तर शू संपले. या रविवारी धुताना तेवढं बघ आणि मला कळव.

तुझा,
काका